आबांची दोन घंट्यांची ड्युटी

आबा, माझे आजोबा, गेले त्याला आज महिना झाला. दारावर बसायला आलेल्या प्रत्येकानं जमालपूरच्या लढाईचाच विषय काढला. माजी सैनिकांनी पुष्पचक्र वाहिलं तेव्हा जमालपूर, गंधमुक्तीच्या विधीला भाषणं झाली तेव्हाही जमालपूर. मला त्याचा अभिमान आहेच. पण आबांच्या सत्त्याऐंशी वर्षांपैकी जे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी झाली आहे, पण वाचा.

आधी जमालपूर सांगून टाकते. आबा १९५९ साली बेळगावला भरती झाले. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धात, ब्रह्मपुत्रा ओलांडून ही पलटण जमालपूरच्या मागे जाऊन बसली आणि ढाक्याकडे जाणारा रस्ता तिनं अडवला. आपल्या ब्रिगेडियरनं समोरच्या पाकिस्तानी बलुच पलटणीच्या कर्नलला पत्र पाठवलं, शरण या. उत्तराच्या कागदासोबत बंदुकीची गोळी आली. १० डिसेंबरच्या रात्री ते लोक वेढा फोडून निघायला गेले आणि थेट मराठ्यांच्या अंगावर आले. सकाळी ठाणं शरण आलं. १६ तारखेला ढाका. त्या रात्रीबद्दल आबा एवढंच सांगायचे की ओल्या बांधावर पालथं पडून कोपरं बधिर झाली होती आणि शत्रू जवळ येईपर्यंत गोळी झाडायची नाही, असा हुकूम होता. "आबा, तुम्ही किती मारले?" असं माझ्या चुलतभावानं लहानपणी विचारलं, तेव्हा ते उठून गोठ्यात निघून गेले होते.

आता मोठ्या मायबद्दल, म्हणजे माझ्या आजीबद्दल.

१९६२ च्या उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं. अमळनेर तालुक्यातलं बोरीकाठचं आमचं गाव, कोरडवाहू सात एकर, घरात सासू-सासरे आणि दोन लहान दीर. वर्षातून एकदा सुट्टी. हावडा मेलनं भुसावळ, तिथून सुरत लाइनच्या पॅसेंजरनं अमळनेर, पुढं बैलगाडी. यायला-जायलाच आठवडा जायचा. बाकी सगळं पत्रावर. आणि मोठ्या मायला अक्षरओळख नाही. पत्र शाळेतले गुरुजी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे. ऐकायला सासू-सासरे, दीर, शेजारी. बायकोला लिहावं असं त्या पत्रात काय लिहिणार? म्हणून आबांनी एक गोष्ट सुरू केली. प्रत्येक पत्राच्या तळाशी ते एक मोठ्ठं अक्षर काढायचे. एका पत्राला एक अक्षर. मोठी माय ते चुलीपुढच्या राखेत बोटानं गिरवायची, पुढचं पत्र येईपर्यंत.

१९७१ च्या डिसेंबरात ती कापूस वेचत होती. दीड महिना पत्र नव्हतं. ढाका पडल्याचं रेडिओवर सांगितलं, गावात पेढे वाटले गेले, पण माणूस जिवंत आहे का, हे रेडिओ कुठं सांगतो? जानेवारीत आंतर्देशीय पत्र आलं. पत्ता ९९ एपीओ, म्हणजे फौजी टपालाचा. कुठं आहोत हे लिहायची बंदी असायची. मजकूर नेहमीचाच, खुशाल आहे, काळजी नसावी. आणि तळाशी अक्षर होतं, ढ. गुरुजी क्षणभर थांबले आणि मग म्हणाले, "अहो, ढाक्यात आहे तुमचा माणूस!" हे मला तिनं निदान वीसदा सांगितलं असेल आणि प्रत्येक वेळी बोटानं हवेत ढ काढून दाखवला असेल.

पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ. युद्ध जिंकून आलेल्या जवानाची बायको दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मनीऑर्डर यायची, पण सात तोंडं आणि विहीर कोरडी. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी खाऊन दिवस काढले. डाव्या भुवईवर खडीची कपची उडाल्याची खूण तिच्या शेवटपर्यंत होती. आबांच्या मांडीवरच्या खुणेबद्दल गावातलं शेंबडं पोर सांगेल. या खुणेबद्दल मला आजवर कोणी विचारलेलं नाही.

आपण 'वीरपत्नी' कोणाला म्हणतो? जिचा नवरा परत आला नाही तिला. त्या माउल्यांपुढं माझं डोकं कायमच खाली आहे. पण जिनं सोळा वर्षं एकटीनं घर ओढलं आणि जिचा नवरा जिवंत परत आला, तिच्यासाठी आपल्या भाषेत शब्दच नाही. १५ ऑगस्टला शाळेत आबांना स्टेजवर खुर्ची असायची. मोठी माय आवारातल्या निंबाखाली बायकांत उभी. आबांना ते खटकायचं, हे मला फार उशिरा कळलं.

२०११ च्या पोळ्याच्या दिवशी तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टरांनी बजावलं की दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. आई-बाबा एकमेकांकडे बघायला लागले. आबा मात्र लगेच म्हणाले, "संत्रीनी ड्युटी दोन घंटानीच ऱ्हास." म्हणजे पहारेकऱ्याची ड्युटी दोन तासांचीच असते. वय होतं त्र्याहत्तर.

त्या रात्रीपासून गजराचं घड्याळ त्यांच्या उशाशी आलं. भिंतीवरच्या कॅलेंडरावर प्रत्येक तारखेच्या चौकोनात ते पेन्सिलीनं बारीक लिहायचे, 'डा', 'उ', 'डा', 'उ'. डावी कूस, उजवी कूस. मी सुट्टीत आले की रात्री जाग यायची. गजर पुरता वाजायच्या आत त्यांचा हात त्यावर पडलेला असायचा. एक हात तिच्या खांद्याखाली, एक कमरेखाली, हलकेच वळवायचं, पाठीला पावडर, गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी. मग पेन्सिल. मग झोप. अकरा वर्षं. तिच्या पाठीला एक जखम झाली नाही. तालुक्याचे डॉक्टर दुसऱ्या पेशंटच्या पोरांना आमच्या घरी पाठवायचे, म्हातारबाबा कसं करतात ते बघून या म्हणून.

मी तेव्हा आठवीत होते. एक दिवस आबांनी सुतळीचे तीन पदर खाटेच्या माचव्याला बांधले आणि मला म्हणाले, "वेणी शिकाड." दोन दिवस त्या सुतळीवर सराव केला. तिसऱ्या दिवशी मोठ्या मायची वेणी घातली, इतकी घट्ट की तिच्या भुवया वर ओढल्या गेल्या आणि ती लकव्यानंतर पहिल्यांदा हसली. अर्ध्या तोंडानं.

हे पण लिहायला हवं की स्वयंपाक आणि धुणं माझ्या आईनं केलं, अकरा वर्षं, आणि तिला कोणी शाबासकी दिली नाही. पुरुषानं बायकोचं केलं की कौतुक, सुनेनं केलं की ते तिचं कामच. आबांना हे कळत होतं. आईच्या हातातून ते लुगडी ओढून घ्यायचे आणि स्वतः नळावर धुवायचे. गावात हसलेही लोक. पारावर कोणीतरी म्हणालं, हवालदार बाईचे धुणे धुतो. आबांनी बादली खाली ठेवली आणि शांतपणे सांगितलं, "सोळा वरीस तिनी एकलीनी घर संभाळं. आते मनी पाळी शे." एवढंच. बादली उचलली आणि घरी आले.

मग ते पेन्शनचं प्रकरण. फौजेच्या रेकॉर्डला मोठ्या मायचं माहेरचं नाव होतं, आधार कार्डावर सासरचं. उद्या आबा आधी गेले तर तिला कुटुंब पेन्शन मिळताना अडचण. मग प्रतिज्ञापत्र, जोडफोटो, दाखले. एका कार्यालयातून कागद तीनदा परत आले. नाव नाही घेत, पण पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला टेबलाटेबलावर फिरवताना लाज वाटायला हवी होती. शेवटी अर्जावर तिची सही लागणार होती. कारकून म्हणाला, बाबा, अंगठा लावा ना, चालतं. आबा म्हणाले, "तिले लिहता येस." आणि कागद घेऊन परत आले.

तिचा उजवा हात गेलेला होता. आबांनी डाव्या हातात खडू दिला. पाटी मांडीवर धरली आणि पत्रातली ती अक्षरं पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. चार महिने लागले. नाव चारच अक्षरांचं, पण तिसऱ्या अक्षराचा काना दरवेळी पाटीबाहेर जायचा. ती चिडून पाटी ढकलायची. आबा पुसून परत पुढं ठेवायचे. अर्जावर तिनं सही केली तेव्हा मी तिथं होते. वाकडी, उताराला लागलेली, पण सही.

२०१६ मध्ये नाव दुरुस्त होऊन कागद आला. २०२२ मध्ये मोठी माय गेली, आबांच्या आधी. ती पेन्शन तिला कधी लागलीच नाही. परवा आबांची काळी ट्रंक उघडली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर. आत सगळ्यात वर प्लॅस्टिकच्या पिशवीत तो कागद, त्याच्याखाली आंतर्देशीयांची चळत, आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेला पूर्वी तारा आणि संग्राम मेडल, एकाहत्तरच्या युद्धाची पदकं. कॅलेंडरंही होती, बाराच्या बारा. शेवटच्या कॅलेंडरात ती गेली त्या तारखेच्या चौकोनात चार वेळा लिहिलेलं आहे. 'डा', 'उ', 'डा', 'उ'. पुढचे चौकोन कोरे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यंदा पितरांच्या दोन घागरी भरायच्या आहेत. मोठ्या मायच्या घागरीवर ठेवायचं डांगर, म्हणजे खरबूज, दरवर्षी आबा स्वतः बाजारातून आणायचे, एकेकावर टिचकी मारून, वास घेऊन, दुकानदार वैतागेपर्यंत. यंदा नाशिकहून दोन दिवस आधी निघतेय. डांगर मीच आणणार आहे.