खाणावळवालीला तिकीट नंबर नव्हता

आज ऑफिसच्या लोकांबरोबर लोअर परळला जेवायला गेलो होतो. जुन्या गिरणीच्या आवारातलं हॉटेल. भिंतीवर हे मोठे काळेपांढरे फोटो: चिमणी, गेट, टोपीवाले कामगार. मेनूत 'गिरणगाव थाळी'. किंमत सांगत नाही, उगाच तुमचं बीपी वाढेल. एवढ्या फोटोंत बाई एक नाही. मग ही सगळी माणसं जेवत कुठे होती रे बाबांनो? चिमणीचा धूर खाऊन?

माझी आजी डिलाईल रोडच्या चाळीत खाणावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, त्यात घरचे आणि वर पंधरा-सोळा मेंबर, म्हणजे महिन्याच्या पैशावर जेवणारे गिरणी कामगार. सगळे साताऱ्यातल्या पाटणकडचे. बायकापोरं गावाला, इथे गावकीच्या, म्हणजे गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या खोलीत पाळीपाळीने अंग टाकायचं. सकाळची पहिली पाळी, म्हणून भाकऱ्या पहाटे चारला सुरू. रातपाळीवाल्याचं ताट वेगळं झाकून. आजीला लिहिता येत नव्हतं. दारामागे प्रत्येक मेंबरची जागा ठरलेली, तिथे ती खडूने रेघ मारायची. एक रेघ म्हणजे एक वेळचा खाडा. पगार झाला की रेघा मोजून पैसे वळते करायचे आणि ओल्या फडक्याने दार पुसायचं. पुसलं की नवा महिना.

इतिहास म्हटला की आपण घडाघडा म्हणतो. 1854 ला दावरांची गिरणी, नारायण मेघाजी लोखंडे, 1928 ची गिरणी कामगार युनियन, 1982 चा संप, त्याचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत. लोखंड्यांनी 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली, हे मी शाळेत भाषणात ठोकलंय. आजीला तो रविवार कधी मिळालाच नाही. रविवारी मेंबरांना मटण लागायचं, म्हणजे काम दुप्पट!

गिरणीत बायका नव्हत्या असंही नाही. वाइंडिंग-रीळिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होत्या. हळूहळू त्यांना बाहेर काढलं, आणि त्यातल्या कितीतरी जणींनी मग चूल धरली. वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज, वर मेंबरांची थकबाकी. 1975 ला प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली, तेव्हा कुठे श्वास मिळाला. आमच्या शेजारणीने घेतलं कर्ज. आजी घाबरली. बँकेत सही करावी लागते म्हणे.

हॉटेलवाल्याने निदान फोटो तरी लावले, बाकीच्यांनी चिमण्याही ठेवल्या नाहीत, हे मान्य. आणि आजीच्या पंगतीत आपल्या गावचाच, म्हणजे आपल्या जातीचाच माणूस बसायचा, हेही खरं. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून दलितांना साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात घेत नसत, आणि चुलीपाशीही तेच. चाळीच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी हे विसरू नये, मी धरून.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. दारामागच्या रेघा बंद पडल्या. पैसेच येईनात, तर खाडा कापायचा कशातून? निम्मे मेंबर गावाला गेले. जे उरले त्यांना आजी भाकरी आणि पातळ आमटी वाढत राहिली. वाण्याने उधारी थांबवली तेव्हा पाटल्या गेल्या. पण उगाच तिला देवी करू नका हं. एक मेंबर पैसे बुडवून रात्रीतून पसार झाला होता, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार ती शेवटपर्यंत करायची, आणि तोही अगदी जेवायला बसल्यावर. तेव्हा आम्ही हसायचो.

गिरणी कामगारांना मिळायच्या घरांचं तर बोलायलाच नको. दीड लाखांवर अर्ज, मिळाली त्याच्या कितीतरी कमी, आणि आता म्हणे मुंबईबाहेर, पार बदलापूरच्या पुढे शेलू-वांगणीला जा. ज्या जमिनीवर आम्ही आज थाळी खाल्ली ती कुणाला मिळाली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पप्पांनी आजोबांचे वारस म्हणून अर्ज भरलाय. गिरणीचं नाव, खातं, तिकीट नंबर, म्हणजे गिरणीतला कामगाराचा नंबर. आजोबांच्या पोटात रोज दोन वेळा जे पडलं आणि ज्याच्यावर ते साचा चालवायचे, त्याला तिकीट नंबर नव्हता. त्यामुळे आजी कुठल्याच यादीत नाही.

ज्यांच्या घरी खाणावळ होती त्यांनी खाली लिहा. कुठली चाळ, मेंबर कुठल्या गावचे, बुधवारी बांगडा असायचा की सुकट. आणि चालवणारीचं नाव लिहा, 'अमक्याची आई' नको.