सर्च हवाच, पण त्याआधी पान आपल्याकडे हवं

नमस्कार,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. वेबपानं साठवण्याच्या सॉफ्टवेअरची तुलना करताना मी झोटेरो (संदर्भ साठवणारं सॉफ्टवेअर) आणि जॉप्लिन (नोट्सचं ॲप) यांना झुकतं माप दिलं, एव्हरनोट या नोट्सच्या सेवेच्या सर्चकडे आणि फोनवरच्या सोयीकडे काणाडोळा केला, आणि 'सेवा बंद पडली तर?' ही माझी भीती अवाजवी आहे. शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण माझं सगळं मत त्यावरच उभं आहे.

पॉकेटचंच बघा. २००७ साली 'रीड इट लेटर' या नावानं सुरू झालेली, वेबवरचे लेख नंतर वाचायला साठवणारी ही सेवा २०१७मध्ये फायरफॉक्सवाल्या मोझिलानं विकत घेतली. म्हणजे पाठीशी कोणी ऐरागैरा नव्हता. तरी जुलै २०२५मध्ये ती बंद झाली. त्याआधी, नोव्हेंबर २०२४मध्ये, ऑम्निव्होर ही तशीच सेवा गेली. पॉकेटमधून एक्स्पोर्ट करणाऱ्यांच्या हाती आली ती मुख्यतः लिंकची यादी, लेखांचा मजकूर नव्हे. आणि लिंकचा भरवसा किती? २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी सापडत नाहीत, असं प्यू रिसर्च सेंटरला २०२४च्या पाहणीत आढळलं. वर्षानुवर्षं जपलेली यादी अशी बसल्या जागी पोकळ होत जाते. ही भीती अवाजवी आहे असं मला अजिबात वाटत नाही.

आता सर्च. हजारो क्लिपिंग, म्हणजे साठवलेली पानं, असलेल्या माणसाला तो लागतोच, आणि एव्हरनोटचा सर्च उत्तम आहे हेही खरं. पण सर्च शोधणार काय? जे साठवलंय तेच. म्हणून माझी पहिली कसोटी 'पान कसं उतरलं' ही असते. तुम्हीही करून बघा. भरपूर चित्रं आणि एखादा किचकट तक्ता असलेलं पान क्लिप करा, इंटरनेट बंद करा आणि मग ते उघडा. ऑब्सिडियन या नोट्सच्या ॲपच्या वेब क्लिपरनं (पान साठवणाऱ्या एक्स्टेन्शननं) घेतलेल्या नोटमध्ये मजकूर नेटका दिसतो, पण चित्रांच्या जागा रिकाम्या असतात, कारण तिथे चित्रं नसून मूळ साइटवरचे त्यांचे पत्ते साठलेले असतात. तक्त्यातले जोडलेले रकाने साध्या मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणा घालून मांडणी करायच्या पद्धतीत) लिहिताच येत नाहीत, त्यामुळे पान मार्कडाउनमध्ये उतरवणाऱ्या साधनांत आकडे सरकून भलत्याच शीर्षकाखाली जाऊ शकतात. वननोटची 'पूर्ण पान' क्लिप दिसायला हुबेहूब असते, पण ती असते इमेज. तिच्यातलं वाक्य मूळ मजकुरासारखं निवडून उचलता येत नाही.

सिंगलफाइल हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन मात्र चित्रं, फॉन्ट, मांडणी असं सगळं एकाच एचटीएमएल फाइलमध्ये कोंबतं. चित्रांचा आकार साधारण एक तृतीयांशानं वाढतो, पण ती फाइल कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. झोटेरोचा कनेक्टर, म्हणजे त्याचं ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन, पानाची प्रत घेतो ती याच पद्धतीनं. झोटेरोचं 'स्टोरेज' फोल्डर उघडलंत तर आठ अक्षरी अगम्य नावांची फोल्डर दिसतील. आत शिरा, तुमची पानं तिथे एचटीएमएल फाइल म्हणून पडलेली असतात. उद्या झोटेरो नसलं तरी ती वाचता येतील. झुकतं माप दिलं ते यासाठी.

फोनच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला पटतं. शेअर केलं की झालं, ही सोय मोठीच आहे. पण नुसती लिंक पाठवली की पुष्कळ सेवांमध्ये पान आणायला सर्व्हर जातो, तुमचा ब्राउझर नाही. लॉगिन करून वाचायचा लेख असेल तर सर्व्हरला फक्त लॉगिनचा फलक दिसतो आणि तोच साठतो. ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन तुम्हाला दिसतंय तेच घेतं. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये सिंगलफाइल चालतं, तेवढं जरूर वापरून बघा.

एव्हरनोट सोडा असं मी म्हणत नाही. तुमचा हात त्यावर बसलाय, तर वापरत राहा. फक्त डेस्कटॉप ॲपमधून अधूनमधून ईनेक्स (एव्हरनोटच्या एक्स्पोर्टची) फाइल काढून ठेवा. तिच्यात चित्रं आणि टॅग येतात, आणि जॉप्लिन ती थेट आयात करतं. नोटबुकचं नाव मात्र त्या फाइलमध्ये नोंदलं जात नाही. म्हणून सगळं एकगठ्ठा काढू नका; एकेक नोटबुक वेगळं काढा आणि फाइलला त्याच नोटबुकचं नाव द्या.