ओक चिप्स टाकून ‘पंधरा दिवसांत बारा वर्षांची व्हिस्की’? एकेक दावा घेऊन बघू

एक व्हिडिओ सध्या जो तो पुढे ढकलतोय, मला आधी नाशिकच्या काकांकडून आला, मग इथल्या ऑकलंडच्या मराठी ग्रुपवर, मग परत काकांकडूनच. बरणीत घरी काढलेली पांढरी दारू, वरून मूठभर भाजलेल्या ओकच्या चिप्स (ओक झाडाच्या लाकडाचे छोटे तुकडे), बरणी उन्हात, आणि पंधरा दिवसांत म्हणे बारा वर्षांची व्हिस्की तयार. सोबत बोनस ज्ञान असं की चिप्स विष शोषून घेतात, रंग चढला म्हणजे दारू मुरली, आणि कंपन्याही हेच करून आपल्याला लुटतात.

आधीच सांगतो, माझं चिप्सशी काही वाकडं नाही. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती घरी दारू गाळायला कायद्याने परवानगी आहे (विकायला नाही), त्यामुळे इथे होमब्रूच्या (घरी दारू करायच्या सामानाच्या) दुकानात चिप्सची पाकिटं उघड मिळतात, अमेरिकन ओक, फ्रेंच ओक, कमी भाजलेलं, मध्यम, जास्त, आणि मीही वापरतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली घरी दारू गाळणं हाच गुन्हा आहे, चिप्स टाका नाहीतर केशर टाका, आणि हे त्या व्हिडिओत कुठेच सांगितलेलं नाही.

आता सगळ्यात घातक वाक्य पहिल्यांदा घेतो, ‘चिप्स विषारी भाग शोषून घेतात’. नाही घेत. मेथेनॉल दारूत पूर्ण विरघळलेलं असतं आणि लाकूड काही त्याला गर्दीतून ओळखून बाहेर काढत नाही. ही समजूत बहुतेक बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या, ओकच्या पिंपांवरून आली असावी, ज्यांत ती मुरवतात. ती पिंपं आतून चक्क आग लावून जाळतात, कोळशाचा थर तयार होतो आणि तो गंधकाची काही वास मारणारी संयुगं पकडतो. पण गंधकाचा वास वेगळा आणि मेथेनॉल वेगळं, आणि दुकानातल्या चिप्स बहुतेक नुसत्या भाजलेल्या असतात, जाळलेल्या नाहीत, म्हणजे तो कोळशाचा थरही नाही. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून जास्त माणसं गेली ती मेथेनॉलने. साखरेच्या वॉशमधून (गाळण्याआधी आंबवलेल्या पाण्यातून) मेथेनॉल जवळपास येतच नाही, फळांच्या गरातल्या पेक्टिनमुळे थोडं येतं, माणसं मरतात ती बहुतेक वेळा कारखान्यातलं मेथेनॉल मिसळल्यामुळे. शरीरात त्याचं फॉर्मिक अॅसिड होतं आणि डोळ्यांच्या नसांवर घाव बसतो. वासावरून ते ओळखता येत नाही, आणि वर व्हॅनिलाचा सुगंध चढवल्यावर तर विचारूच नका. आणि हो, ‘पहिल्या धारेची’ म्हणून आपल्याकडे जिचं एवढं कौतुक, तो सुरुवातीचा भाग इथे घरी गाळणारे लोक बाजूला काढून ठेवतात, त्यात अॅसिटोन, इथाइल अॅसिटेट असलं सगळं येतं, नेलपॉलिश रिमूव्हरचा वास. तोही चिप्सने जात नाही. गाळताना जे चुकलं ते बरणीत सुधारत नाही, एवढं साधं आहे.

‘पंधरा दिवस म्हणजे बारा वर्षं.’ यात अर्धं खरं आहे म्हणून तर ते पसरतं. २०० लिटरच्या पिंपात दारूला फक्त आतली भिंत शिवते, बरणीत मात्र चिपच्या सगळ्या बाजू दारूत बुडालेल्या, त्यामुळे लाकडातलं जे विरघळायचं ते पटापट उतरतं. लाकडातलं लिग्निन भाजल्यावर व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास) होतं, त्यातल्याच हेमिसेल्युलोजपासून कॅरमेलचे वास येतात, ओक लॅक्टोनचा नारळासारखा वास, वर जीभ आखडवणारं टॅनिन. हे पहिल्या काही दिवसांतच उतरायला लागतं, इथपर्यंत व्हिडिओवाला बरोबर आहे. पण मुरणं म्हणजे फक्त लाकडातून काहीतरी घेणं नव्हे ना राव. पिंपाच्या फळ्यांतून हवा हळूहळू आत येते, ऑक्सिजनने काही गोष्टी बदलतात, आम्लं आणि अल्कोहोल मिळून एस्टर (फळांसारख्या वासाची संयुगं) बनतात, नको ते उडून जातं, आणि या कामाला वर्षंच लागतात, तिथे चिप कितीही बारीक करा काही फरक पडत नाही. स्कॉटलंडमध्ये पिंपातली दारू वर्षाला साधारण २ टक्के उडते असं धरतात, म्हणजे बारा वर्षांत पिंपाचा पाचवा हिस्सा गेला, आणि उरलेलं बदललेलं असतं. झाकण घट्ट लावलेल्या बरणीत ना हवा येते ना काही उडतं.

शिवाय चिप आणि पिंपाची फळी एकसारखी नसते. वापरलेल्या बर्बनच्या पिंपाची फळी आडवी कापून बघा, आतल्या बाजूला काळा कोळसा, त्याच्यामागे लालसर पट्टा, मग भाजलेला तपकिरी भाग आणि शेवटी जवळजवळ कोरं लाकूड. दारू किती खोल शिरली होती ते त्या पट्ट्यांमध्ये दिसतं. चिप मोडलीत तर आरपार एकच रंग. आणि चांगल्या पिंपाच्या फळ्या आधी दीड-दोन-तीन वर्षं उघड्यावर ऊनपावसात ठेवलेल्या असतात, त्यात कडवट टॅनिन बरंचसं धुऊन जातं. चिप्सच्या पाकिटावर लाकूड किती दिवस असं उघड्यावर ठेवलंय हे कोण लिहितं? म्हणून जास्त चिप्स टाकून जास्त दिवस ठेवल्या की उकळून ठेवलेल्या चहासारखी जीभ आखडते, आणि मग लोक वर साखर टाकतात, म्हणजे मूळ चूक झाकायला दुसरी.

व्हिडिओतली ‘मूठभर’ ही तर भलतीच. मी लिटरला दोन-चार ग्रॅमच्या वर जात नाही, रोज थेंबभर चाखून बघायचं, जमलं की लगेच गाळून चिप्स बाहेर. अल्कोहोल किती टक्के आहे त्यावरही उतरणारी चव बदलते, पाणी जास्त असेल तर टॅनिन आणि गोडसर भाग जास्त येतो, अल्कोहोल जास्त असेल तर लॅक्टोन वगैरे. बर्बन पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांच्या वर भरायची नाही असा अमेरिकेत नियमच आहे.

‘रंग गडद म्हणजे जुनी.’ हे दोन ओळींत संपवतो. स्कॉचमध्ये साधा कॅरमेल रंग घालायला नियमाने मुभा आहे, आणि अनेकदा वापरून झालेल्या पिंपात बारा वर्षं राहिलेली माल्ट (मोड आलेल्या बार्लीची व्हिस्की) गवताच्या काडीइतकी फिकी असू शकते. रंगावरून वय सांगणाऱ्याने ज्योतिषाचं दुकान टाकावं.

‘आपल्या उन्हात अजून लवकर होते.’ हेही अर्धवट ऐकलेलं. उष्ण हवेत दारू लवकर मुरते हे खरंय, बंगळुरूच्या अमृत या व्हिस्की कंपनीत वर्षाला १०-१२ टक्के उडतं, गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन या कंपनीचंही स्कॉटलंडच्या कितीतरी पट उडतं, म्हणून तिथली चार-पाच वर्षांची माल्ट तयार वाटते. पण चार-पाच वर्षं, आणि पिंपात! बरणी गच्चीवर ठेवणं म्हणजे ते नव्हे. साध्या ४० टक्के दारूची वाफसुद्धा २६ अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते, आपल्याकडे मे महिन्यात सावलीत किती असतं ते तुम्हीच सांगा. एक महाभाग तर बरणी गॅसवर कोमट करायला सांगतो, त्याला कोपरापासून नमस्कार.

‘कंपन्याही हेच करतात.’ कोण करतं आणि कोण नाही ते नीट बघा. स्कॉचला चिप्स चालतच नाहीत, ओकचं पिंप, ७०० लिटरपर्यंत, किमान तीन वर्षं, असा कायदा आहे. कंपास बॉक्स या स्कॉच कंपनीने २००५ मध्ये पिंपात जादा फळ्या आतून लावून ‘स्पाइस ट्री’ काढली तर स्कॉच व्हिस्की असोसिएशनने ती बंद करायला लावली, मग कंपास बॉक्सने पिंपाची दोन्ही टोकांची झाकणंच भाजलेल्या ओकची करून २००९ मध्ये परत आणली. मेकर्स मार्क या बर्बन कंपनीने २०१० पासून भाजलेल्या फ्रेंच ओकच्या फळ्या पिंपात घालून ‘४६’ विकायला सुरुवात केली, पण आधी मुरलेल्या बर्बनमध्ये, कोऱ्या दारूत नाही. कोन्याकमध्ये (फ्रेंच ब्रँडीत) ओक उकळून काढलेला अर्क घालायला परवानगी आहे, याची जाहिरात मात्र कोणी करत नाही, तेव्हा टीकाच करायची तर तिथे करा, मी पण येतो. यातलं कोणीही पंधरा दिवसांच्या बाटलीवर बारा वर्षं लिहीत नाही, लिहिलं तर कोर्टात उभं राहावं लागेल.

राहिलं शेवटचं, ‘सुताराकडून ओकचे तुकडे आणा, फुकटात काम’. फर्निचरच्या लाकडाला पॉलिश, गोंद, वाळवीचं औषध, काय काय लागलेलं असतं, ते साठ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवलं तर सगळं निघून दारूत येणार. शिवाय सुताराला लाल ओक आणि पांढरा ओक यात फरक करायचं कारण नाही, पिंपवाल्याला आहे, कारण लाल ओकच्या लाकडातल्या बारीक नळ्या मोकळ्या असतात, त्याचं पिंप गळतं. पाकीट विकत घ्या, स्वस्त असतं.