पुन्हा काटा खाली!

सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरचा प्रेशरचा काटा बघायचा, ही काय तऱ्हा झाली? रात्री दीड बार भरलेलं प्रेशर सकाळी अर्ध्यावर! इंग्लंडातली जानेवारीची थंडी, रेडिएटर गारढोण. तिसरा मेकॅनिक आला, त्याचंही तेच: गळती जमिनीखालीच असणार, फळ्या उचकटू. अरे बाबा, आधी बॉयलरमधून भिंतीबाहेर काढलेला तांब्याचा पाइप तरी बघ! मी त्याच्या तोंडाला पिशवी बांधली, सकाळी पिशवी पाण्याने टम्म. एक्स्पान्शन व्हेसलमधली, म्हणजे फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली, हवा गेली असणार; पाणी तापून फुगलं की काटा तीनवर, जादा प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह उघडतो, पाणी त्या पाइपातून बाहेर. पण साहेबांना फळ्याच उचकटायच्यात! व्हिजिटचे पैसे मात्र आधी हवेत.