साडीची उलटी बाजू

आज ७ ऑगस्ट, राष्ट्रीय हातमाग दिन. सकाळपासून माझ्या फेसबुकवर माग, धोटे आणि रंगीत सुताच्या लडी यांची रांग लागली आहे, आणि एरवी मला त्याचा आनंदच झाला असता. परंतु दुपारी चारच्या सुमारास त्या रांगेत एक छायाचित्र असे दिसले की हातातला चहा मी तसाच खाली ठेवला. ज्या मागाशेजारी आज सकाळी मी स्वतः बसले होते, त्याच मागाचे ते छायाचित्र होते. वर लिहिले होते, ‘आपला हातमाग, आपला अभिमान, आपल्या माणसाकडूनच खरेदी करा.’ खाली दोनशेच्या वर लाइक. ज्या बाईंनी ते टाकले, त्या माझ्या ओळखीच्या आहेत, म्हणून नाव लिहीत नाही. पण सकाळी काय घडले ते लिहिल्याशिवाय मला आज झोप येणार नाही.

गौरी-गणपती जवळ आल्यामुळे सुनेसाठी साडी घ्यायला मी आमच्या बेळगावातल्या वडगावात गेले होते. अनेक वर्षे मी त्या एकाच घरी जाते. पुढच्या खोलीत दोन माग आहेत, त्यांपैकी एक चालू होता. घरातल्या वहिनी भिंतीला टेकून कांड्या, म्हणजे धोट्यात बसवायच्या सुताच्या नळ्या, भरत होत्या आणि बोलायचे म्हणजे मागाच्या आवाजावर आवाज चढवावा लागत होता. या बाई माझ्या आधीच आलेल्या होत्या. त्यांनी सात-आठ साड्या उलगडायला लावल्या, एक जांभळी, हिरव्या काठाची, पदरापर्यंत पूर्ण पसरायला लावली, तिचा फोटो काढला आणि मोबाइलवर तो फोटो टाकून तशीच साडी शोधली. मग पडदा वहिनींच्या समोर धरून म्हणाल्या, ‘ही बघा, हीच साडी इथे ५९९ ला मिळते आणि घरपोच येते. तुम्ही १,४५० कसे सांगता?’

वहिनींनी हात पदराला पुसून मोबाइल घेतला, दोन बोटांनी चित्र मोठे केले, बराच वेळ पाहिले आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘ह्यात काठ छापलाय ताई, विणलेला नाही. उलटी बाजू दाखवालेत कुठं?’

बाई उठल्या. निघताना त्यांनी मागाचाही एक फोटो काढला. तोच तो फोटो.

मला सर्वांत आधी राग आला तो ‘हातमाग’ या शब्दाचा. तो माग विजेवर चालतो. वडगाव, खासबाग, शहापूर या भागांत आता बहुतेक घरांत यंत्रमागच आहेत, आणि त्यात त्या घरांना कमीपणा वाटण्यासारखे काही नाही. पण ज्या घरात आपण तासभर बसलो, तिथे कसला माग आहे हेसुद्धा पाहायचे नाही आणि अभिमान मात्र मिरवायचा, हे मला सहन होत नाही. दिवसाला किती साड्या उतरतात, वीज गेली की काय होते, व्यापारी सूत देऊन नगावर किती मजुरी टेकवतो, यांतला एकही प्रश्न विचारला गेला नाही. प्रश्न विचारला गेला तो किमतीचा.

या दिवसाला ७ ऑगस्ट ही तारीख मिळाली ती १९०५ सालच्या स्वदेशीच्या चळवळीमुळे. त्या चळवळीतल्या लोकांनी विलायती कापडावर बहिष्कार घातला तेव्हा त्यांना जाडेभरडे कापड अंगावर वागवावे लागले आणि पैसेही जास्त मोजावे लागले. आपल्या बेळगावाला तर हे कुणी शिकवायला नको. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले, गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले असे ते एकमेव अधिवेशन, आणि तिथेच सभासदत्वासाठी दरमहा २,००० वार सूत देण्याची अट मान्य झाली. वर्गणी नव्हे, सूत. पुढच्याच वर्षी ती अट ऐच्छिक करावी लागली हे मला माहीत आहे, कुणी ते खाली लिहायची तसदी घेऊ नये. पण अट फसली तरी तिच्यामागे मागणी होती ती हातांच्या श्रमाची. आजच्या बहिष्कारात आणि आजच्या अभिमानात अंगठा हलवण्यापलीकडे कुणाकडून काहीच मागितले जात नाही.

सरकारचेही तेच. हातमाग दिन जाहीर झाला २०१५ मध्ये, आणि अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त झाले जुलै २०२० मध्ये, म्हणजे हातमाग दिन जेमतेम दहा-बारा दिवसांवर आला असताना, टाळेबंदीने माग थंड पडलेले असताना. ते मंडळ फार काही करत नव्हते, असे म्हणणारे म्हणतील, म्हणोत बापडे. विणकराने आपले गाऱ्हाणे मांडायची एक जागा होती, तीही गेली, आणि फोटोंची स्पर्धा तेवढी उरली.

आता ‘आपल्या माणसाकडूनच’ या शब्दांविषयी. बेळगाव महाराष्ट्रात न जाता कन्नड राज्यात गेले, त्याच्या निषेधार्थ १ नोव्हेंबरला काळा दिन पाळणाऱ्या घरातली मी आहे आणि आजही पाळते. मराठी शाळेत तीस वर्षे शिकवले आहे. आमच्या भाषेवर जे अन्याय झाले ते मला कुणी समजावून सांगायला नकोत. तरीही सांगते, ज्या घरातून मी साड्या घेते त्या घरात आपसात कन्नड बोलतात. माझ्याशी मराठी बोलतात, शेजारच्या घरी जाऊन तेलुगूही बोलतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये मराठी-कन्नडच्या वादातून झालेल्या बस वाहकाच्या प्रकरणावरून महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या बस बंद पडल्या, तेव्हा माझ्या व्हॉट्सॲपवर ‘यांच्याकडून घेऊ नका, त्यांच्याकडून घेऊ नका’ असे संदेश आले होते. त्या आठवड्यात कोल्हापूरची गिऱ्हाइके आली नाहीत आणि वहिनींच्या घरी विणलेल्या साड्या घडी घालून तशाच पडून राहिल्या. संदेश पाठवणाऱ्यांचे त्यात एका रुपयाचेही नुकसान झाले नाही. त्या बाईंना विचारावेसे वाटते की ‘आपला माणूस’ म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर नेमके कोण होते. वहिनी असतील, तर मग साडी का घेतली नाही? आणि वहिनी नसतील, तर त्यांच्या घरातला माग तुमच्या पोस्टवर कशाला?

हे लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे, म्हणून दुसरी बाजूही लिहिते. त्या बाईंना तीन नणंदांना साड्या द्यायच्या आहेत. त्यांच्या यजमानांचा कारखाना गेल्या वर्षी बंद झाला, हे मला माहीत आहे. १,४५० च्या तीन साड्या आणि ५९९ च्या तीन साड्या यांतला फरक त्यांच्या घरात महिन्याच्या किराण्याएवढा असेल. स्वस्त साडी घेतली म्हणून मी कुणालाही दोष देत नाही. सुरतेत तशा साड्या काढणारे हातही ओडिशातून पोटासाठी आलेल्या मजुरांचेच आहेत. मी स्वतः गेल्या दिवाळीत चादरी मोबाइलवरून मागवल्या, कारण गुडघे दुखत होते आणि रविवार पेठेत जायचा कंटाळा आला होता. त्याची टोचणी मला अजून आहे. परवडत नसेल तर घेऊ नये, त्यात लाज कसली? माझे म्हणणे फक्त त्या फोटोपुरते आहे. जे आपण घेतले नाही, त्याचे श्रेय आपण घेऊ नये. वहिनींनी साड्या उलगडल्या, पुन्हा घड्या घातल्या, त्यात त्यांच्या अर्ध्या तासाच्या कांड्या भरायच्या राहिल्या, आणि त्याचे दोनशे लाइक दुसऱ्याच कुणाला मिळाले.

ती जांभळी साडी मीच घेऊन आले. आत्ता ती माझ्या मांडीवर उलटी पसरलेली आहे. काठावरची वेल मागूनही तशीच भरलेली दिसते, बुट्ट्यांच्या मागे कापलेल्या दोऱ्यांची बारीक लव हाताला लागते, आणि पदराच्या टोकाला एके ठिकाणी ताण्याचा धागा तुटल्यावर सांधलेली गाठ आहे. ती गाठ वहिनींनी मला पैसे घ्यायच्या आधी स्वतःच दाखवली होती आणि त्यासाठी पन्नास रुपये कमी करायला निघाल्या होत्या. मी ते करू दिले नाहीत.

त्या बाईंशी मी भांडणार नाही. त्यांच्या पोस्टखाली एवढेच लिहून आले आहे की फोटोतल्या मागावरची साडी हवी असेल तर त्या घराचा पत्ता मी देईन, मात्र तो माग विजेवर चालतो. आतापर्यंत तिघींनी पत्ता विचारला आहे. एक निपाणीची आहे, तिला शनिवारी मी सोबत घेऊन जाणार आहे.