एकत्र राहायला जा, पण आधी शेजारी व्हा

एका लेखात म्हटलंय की अमेरिकेतल्या स्वातंत्र्यवादी, म्हणजे सरकारची ढवळाढवळ कमीत कमी हवी असं मानणाऱ्या लोकांनी विखुरलेलं न राहता एकाच राज्यात जाऊन राहावं, तरच काही बदलेल. मला हे बऱ्यापैकी पटतं. त्यासाठी निवडलेलं राज्य न्यू हॅम्पशायरच का, तर लोकसंख्या जेमतेम 14 लाख आणि विधानसभेच्या खालच्या सभागृहात 400 आमदार, म्हणजे साडेतीन हजार माणसांमागे एक, मानधन वर्षाला 100 डॉलर, त्यामुळे साधा माणूस घरोघरी फिरून खरंच निवडून येऊ शकतो आणि फ्री स्टेटवाले, म्हणजे याच विचाराने तिथे राहायला गेलेल्या चळवळीचे लोक, निवडून आलेत पण. 2016 ला ‘आम्ही तिथे राहायला येऊ’ असं वचन देणाऱ्या 20 हजार सह्या पूर्ण झाल्या, तेव्हा हजारो मैलांवरून लोक बिऱ्हाड उचलून निघाले, याचं मला मनापासून कौतुक आहे.

पण तिथल्याच क्रॉयडन या छोट्या गावाचं काय झालं बघा ना. 2022 च्या मार्चमध्ये गावसभेला मोजकीच माणसं, ऐनवेळी एका फ्री स्टेटवाल्याची सूचना आली आणि 20 विरुद्ध 14 मतांनी शाळेचं 17 लाख डॉलरचं बजेट 8 लाखांवर आलं. पोरांच्या आईबापांची झोप उडाली, दारोदार फिरून लोक गोळा केले त्यांनी आणि मे महिन्यात 377 विरुद्ध 2 ने निर्णय फिरवला!! म्हणजे गावाला सोबत न घेता नुसतं मतदान जिंकलं तर दोन महिने पण टिकत नाही. जे जातायत त्यांनी जरूर जावं, फक्त पहिली दोन-चार वर्षं तिथल्या लोकांचं ऐकून घ्यावं, त्यांच्या अडीअडचणीला धावून जावं, कायदे बदलायचं नंतर बघता येईल.