कमोडातला संगमरवर

संगमरवर आपल्याला परवडणार नाही, असं मी घोडबंदर रोडला फ्लॅट घेतानाच बायकोला सांगितलं होतं. आठ वर्षांत तो घरात आलाच. फुकट आला, पण कमोडमध्ये.

आमच्याकडे नळाला महापालिकेचं पाणी, ते पुरेना झालं की टँकर, आणि फ्लशला कायम बोअर. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम भांड्याला धरतं, त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं. खडू, शंख, शहाबादी फरशी, संगमरवर हे सगळे त्याचेच भाऊबंद. ही वंशावळ मला तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त केमिस्ट्रीच्या सरांनी लिफ्टमध्ये ऐकवली. तोवर मी त्याला घाण समजत होतो.

गणपतीला सासूबाई येणार होत्या. "अहो, ते पिवळं काय ते बघा ना. आई बोलणार काही नाही, पण बघेल."

मी घासलं. ब्रशला टक्कल पडलं, डाग जिथल्या तिथे. निळी बाटली अख्खी ओतली. शेवटी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला, तेव्हा सर अक्षरशः ओरडले, "अहो, वरची चकाकी खरवडलीत तर क्षार आणखी घट्ट बसेल! आणि बाटली ओतताना आत पाणी होतं? मग तुम्ही ॲसिडचं सरबत केलंत. आधी पाणी काढा. आणि ब्लीचिंग पावडर त्यात अजिबात घालू नका, क्लोरीन वायू होतो. आरती दवाखान्यात करावी लागेल."

कमोडातलं पाणी मगाने उपसणं हा काय प्रकार आहे, तो मी इथे वर्णन करणार नाही. मग कोमट पाण्यात लिंबूफूल विरघळवलं, टिश्यू पेपर त्यात भिजवून कडेच्या आतून चिकटवले आणि दारावर चिठ्ठी लावली: 'सकाळपर्यंत बंद.' आतून बारीक फस्स आवाज येत होता. सोड्यासारखे बुडबुडे. रात्री दोनला उठून मी ते पुन्हा एकदा बघून आलो. सुखाने झोप लागेना.

सकाळी पापुद्रे सुटले. खाली चक्क पांढरं भांडं!

सासूबाई आल्या, हातपाय धुवायला आत गेल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "कमोड नवा बसवलात वाटतं? मग नळ तेवढे जुने का ठेवलेत? पांढरेफटक पडलेत."

मी तडक स्वयंपाकघरात गेलो. बायको ढोकळ्याचं पीठ समोर घेऊन लिंबूफुलाचा रिकामा डबा उलटा करून आपटत होती.